ताकेशीज कॅसल : कोणत्या आवाजातला पाहावा?

महाराष्ट्रात दोन हजारच्या दशकात वाढलेल्या मुलांना ‘ताकेशीज कॅसल’ हा अडथळ्यांच्या खेळांचा जपानी कार्यक्रम ठाऊक आहे तो पोगो वाहिनीवरचा, जावेद जाफरी यांच्या हिंदी समालोचनासह. त्यांतले बरेचजण आता आपल्या मुलांसोबत बसून तो पुन्हा पाहावा म्हणून शोधायला जातात, तेव्हा एकाच नावाच्या आडोशाला निरनिराळे कार्यक्रम सापडतात : मूळ जपानी, ब्रिटिश निवेदनाचा, अमेरिकेने नवे संवाद चढवलेला, आपला हिंदी आणि २०२३ मध्ये आलेला, नव्या गडावरचा. पहिल्या चारांतली चिखलात आपटणारी माणसे तीच आहेत; पण त्यांच्याकडे पाहून प्रेक्षकाने जपानविषयी काय मत करून घ्यावे, हे प्रत्येक देशात समालोचकाने ठरवले. म्हणून निवड करताना दृश्यांपेक्षा आवाजाकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

मूळ कार्यक्रम टीबीएस या जपानी वाहिनीने १९८६ ते १९८९ या काळात दाखवला. योकोहामातल्या मिदोरियामा येथील चित्रीकरणस्थळी गड उभारलेला होता, गडाचे अधिपती म्हणून विनोदवीर ताकेशी कितानो बसत आणि सेनापतीच्या वेषातले हायातो तानी शंभराहून अधिक हौशी स्पर्धकांची पलटण घेऊन त्यावर चाल करून जात. जिंकणाऱ्याला दहा लाख येन मिळणार असत, मात्र तिथवर फारच थोडे पोहोचले. बाहेरच्या प्रेक्षकाच्या नजरेतून सहसा निसटते ती गोष्ट म्हणजे हे सगळे ऐतिहासिक युद्धपटाचे विडंबन होते. सेनापतीचा आवेश, गडावरच्या दरबाऱ्यांची खलबते आणि शेवटी छोट्या गाड्यांतून पाण्याच्या पिचकाऱ्यांनी एकमेकांच्या गाडीवरचे कागदी लक्ष्य भिजवून फोडण्याची लढाई, हा एका सलग नाटकाचा भाग होता. तळ्यातल्या दगडांवरून पळत जाण्याचा खेळ घ्या. त्यातले काही दगड घट्ट रोवलेले असतात, काही नुसते तरंगत असतात आणि वरून पाहता दोन्ही सारखेच दिसतात. धावण्याआधी स्पर्धक आपली ओळख करून देतो, थोडी फुशारकी मारतो आणि तिसऱ्या दगडावर पाण्यात जातो. फुशारकी ऐकलेल्याला हसू येते ते त्या माणसाच्या फजितीचे. ती कापून टाकली, तर उरते केवळ पडणे.

आचरटपणा वाटणाऱ्या काही गोष्टींना तर थेट बातमीचा संदर्भ होता. डिसेंबर १९८६ मध्ये कितानो आणि त्यांचे चेले ‘फ्रायडे’ या साप्ताहिकाच्या कार्यालयात घुसून हाणामारी करून बसले, आणि त्यामुळे काही काळ कितानोंना पडद्यापासून दूर राहावे लागले. त्या दरम्यान गडावर त्यांच्या चेहऱ्याचे प्रचंड मोठे कागदी डोके घातलेला तोतया बसवला जाई. जपानी घरांत त्यावर जे हसू उमटत असेल त्याला एक बोच होती. परदेशी प्रेक्षकाला मात्र जपानी माणसे काहीही करतात, याचा तो आणखी एक पुरावा वाटला. कितानोंच्या बाबतीत एकूणच हा घोळ आहे. जपानमध्ये ते आधी ‘टू बीट’ या जोडगोळीतले फटकळ विनोदवीर आणि मग दिग्दर्शक. युरोपातल्या सिनेरसिकांनी मात्र त्यांना १९९७ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात सुवर्णसिंह हा सर्वोच्च पुरस्कार मिळवणारा गंभीर दिग्दर्शक म्हणून मान दिला, आणि तोच माणूस हा खेळगडाचा राजा आहे हे कळल्यावर अनेकांना धक्का बसला.

ब्रिटनमधल्या चॅलेंज वाहिनीने २००२ पासून क्रेग चार्ल्स यांच्या निवेदनासह जे भाग दाखवले, त्यांत दरबाराचे प्रसंग बरेचसे गाळले आणि खेळ ठेवले. चार्ल्स टोमणे मारतात, परंतु स्पर्धक कोणता खेळ खेळतो आहे आणि किती उरले आहेत हे सांगायला विसरत नाहीत. इंग्रजी समजणाऱ्याला खेळ म्हणून पाहायचे असेल, तर हा पर्याय नेटका आहे. याहून जास्त त्याच्याविषयी सांगण्यासारखे नाही.

अमेरिकेतला प्रकार मात्र निराळाच. २००३ ते २००७ या काळात स्पाइक वाहिनीवर ‘एमएक्ससी’ या नावाने जे दाखवले गेले, त्यात जपानी संवाद पूर्ण पुसून नवी कथा रचलेली होती. कितानो तिथे विक रोमानो नावाचे क्रीडासमालोचक झाले, सेनापती तानी कॅप्टन टेनील झाले आणि स्पर्धकांना मनगढंत नावे व व्यवसाय देऊन दोन विरोधी संघांत वाटले गेले. विनोद बहुतेक द्वयर्थी आहे, त्यामुळे मुलांसोबत पाहण्याचा हा कार्यक्रम नव्हे. लेखन चतुर आहे हे मान्य करावे लागते. मात्र त्यातून जपानी कार्यक्रमाविषयी मत बनवणे म्हणजे मूकपटाला दुसऱ्याने लिहिलेले संवाद लावून मूळ लेखकावर टीका करण्यासारखे आहे. अमेरिकेतून ‘विक्षिप्त जपानी टीव्ही’ अशी जी ओरड ऐकू येते, तिच्यातला बराच विक्षिप्तपणा अमेरिकेतच लिहिला गेला होता.

जावेद जाफरींनीही मूळ संवादांना हात लावला, हे आपण लाडापोटी विसरतो. त्यांनी स्पर्धकांना हिंदी चित्रपटांतल्या ओळखीच्या नावांनी हाक मारली, नकला केल्या, मुंबईच्या रस्त्यावरच्या हिंदीत चिमटे काढले. तरीही एमएक्ससीपेक्षा ते मला सरस वाटतात, कारण त्यांचा आवाज धावणाऱ्याच्या बाजूने असतो : पडणाऱ्याची टर उडवतात, पण त्याने पुढचा दगड गाठावा असे त्यांनाही वाटत असल्याचे ऐकू येते. मात्र यात जपान जवळजवळ नाहीसा होतो. शाळेतून आल्यावर हा कार्यक्रम पाहणाऱ्या मुलांच्या दृष्टीने तो गड बोरिवलीला असता तरी काही बिघडले नसते, आणि बहुधा म्हणूनच तो आपलासा झाला.

२०२३ ची आवृत्ती प्राइम व्हिडिओवर आली. भारतात ती भुवन बाम यांच्या हिंदी समालोचनासह, त्यांच्या टीटू मामा या पात्राच्या तोंडून ऐकायला मिळते, तर ब्रिटनसाठी रोमेश रंगनाथन आणि टॉम डेव्हिस यांचे आवाज आहेत. गड अधिक भव्य आहे, चित्रण चकचकीत आहे आणि मुलांना जुन्या टीव्हीच्या धूसर रंगांपेक्षा ते सहज रुचेल. मला त्यात खटकते ती सफाई. १९८६ च्या चित्रणात कडेला उभे असलेले इतर स्पर्धक थंडीने कुडकुडत, ओले केस पुसत, आपल्यासारख्याच फजीत झालेल्याला हसताना दिसतात; नव्या आवृत्तीत कॅमेरा इतका नेमका फिरतो की कडेला काय चालले आहे ते फारसे दिसतच नाही.

केवळ पडापडी हवी असणाऱ्यांसाठी अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीने २००८ मध्ये ‘वाइपआउट’ काढला, आणि टीबीएसने आपल्या कार्यक्रमांची नक्कल केल्याबद्दल त्यांना न्यायालयात खेचले. २०११ मध्ये तडजोड झाली. पाहण्याच्या दृष्टीने तो मूळापेक्षा खूपच कोरडा आहे.

घरात दहा वर्षांखालची मुले असतील, तर २०२३ ची आवृत्ती घ्यावी. लहानपणची आठवण उजळायची असेल, तर जाफरींच्या आवाजातले भाग मिळतील तिथून मिळवावेत. एमएक्ससी प्रौढांनी, स्वतंत्र विनोदी मालिका समजून पाहायला हरकत नाही. ज्यांना जपानी प्रेक्षक नेमके कशाला हसत होते हे समजून घ्यायचे आहे, त्यांनी भाषा कळत नसली तरी मूळ भाग एकदा पूर्ण लांबीचा पाहावा, आणि त्यातही खेळांपेक्षा खेळांच्या मधल्या जागा, म्हणजे दरबार, सेनापतीची भाषणे आणि स्पर्धकांच्या ओळखी, पुढे न ढकलता पाहाव्यात.