अकरा महिने, चार खेटे आणि एक हिरवी रेघ

गेल्या दिवाळीत पाडव्याला घेतलेला फोन. २२,९९९ रुपये, जुना दिला त्याचे फक्त अकराशे वजा. मॉडेल सांगत बसत नाही, या किमतीतले सगळे आतून चुलतभाऊच. रॅम किती, कॅमेरा किती ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

मला सांगायचंय ते डुगडुगण्याबद्दल. मी इचलकरंजीत मागाच्या कारखान्यात हिशेब लिहिते. दिवसभर फोन टेबलावर उताणा पडलेला, डाव्या हातात वही, उजव्या हाताचं एक बोट फोनवर. कुणाचे कापडाचे किती ताके निघाले, मागावर सुताचा बीम कधी चढला, सगळं असं टिपायचं. आणि या फोनचा कॅमेरा पाठीवर एका कोपऱ्यात आवाळूसारखा वर आलेला. एक अक्षर दाबलं की फोन डुग, दुसरं दाबलं की डुग. माग आधीच टेबल हलवतात, त्यात हा. तेवीस हजारांची वस्तू सपाट टेबलावर सपाट बसू नये? डब्यातलं कव्हर होतं तोवर थोडं कमी होतं, पण ते दोन महिन्यांत पिवळं पडलं, टाकून दिलं. मी एसटीचं तिकीट चार घड्या करून खाली सारते, तेव्हा कुठे तो गप्प बसतो.

बाकी सात महिने तक्रार नव्हती. बॅटरी दीड दिवस जायची. मग जूनमध्ये रात्री अपडेट टाकलं आणि सकाळी स्क्रीनवर रेघ. उजव्या कडेपासून बोटभर आत, वरून खालपर्यंत, हिरवीगार, दोऱ्यासारखी बारीक. पडला नव्हता, भिजला नव्हता.

पहिला खेटा. कंपनीचं सेंटर कोल्हापुरात. हातकणंगल्यावरून एसटी, बायकांना अर्धं तिकीट म्हणून जीव जरा तरी थंड. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, सॉफ्टवेअरचं आहे, रीसेट मारून देतो." दिला मारून. फोटो, मेसेज सगळं गेलं, रेघ जागेवर. घरी आल्यावर धाकट्यानं एक गोष्ट करून दाखवली ती लक्षात ठेवा. रेघ दिसत असताना स्क्रीनशॉट काढायचा आणि दुसऱ्या फोनवर पाठवून बघायचा. त्यात रेघ नसेल तर दोष डिस्प्लेचा, सॉफ्टवेअरचा नाही. आमच्या स्क्रीनशॉटमध्ये रेघ नव्हती. म्हणजे माझे सात महिन्यांचे फोटो फुकट पुसले.

दुसरा खेटा. आता काउंटरवरच्या त्याच मुलानं डोळ्याला भिंग लावलं. आधी सिमचा ट्रे काढून आतली ती बारकी पट्टी टॉर्च मारून बघितली. ती पांढरी असते, पाणी लागलं की लालसर होते. जाहिरातीत फोन पाण्यात बुडवून दाखवतात, पण आत ओल गेली तर वॉरंटी नाही, हे मला तिथं कळलं. पट्टी पांढरीच होती. मग चार्जिंगच्या भोकातून टाचणीनं कापसाचा फुफाटा काढून माझ्यासमोर ठेवला, चोरी पकडल्यासारखा. म्हटलं, "अरे, इचलकरंजीत नाकात पण हेच निघतं." शेवटी खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"कोपरा आपटलाय काकू. फिजिकल डॅमेज. वॉरंटीत बसत नाही. डिस्प्लेचे नऊ हजार आठशे होतील."

मॅडमची काकू झाले तेव्हाच ओळखलं, आता पैसे मागणार.

पण मी हिशेब लिहिणारी बाई. पहिल्या खेट्याची जॉबशीट, म्हणजे फोन दाखवला तेव्हा सेंटरनं भरून दिलेला कागद, लाइट बिलांच्या फाइलमध्ये लावून आणली होती. त्यात फोनच्या बाहेरच्या अवस्थेचा रकाना होता आणि त्यांच्याच हातानं लिहिलं होतं: ओके. कोपरा आपटला असेल तर तो दोन खेट्यांच्या मधे, आणि रेघ तर त्याच्या आधीची! कागद त्याच्यासमोर ठेवला. तो आत गेला, वीस मिनिटांनी बाहेर आला, म्हणाला वॉरंटीत घेतो, पण डिस्प्ले शिल्लक नाही, आला की फोन करतो.

इथं थोडं थांबून सांगते. हे मी दोन बैठकांत लिहितेय, आणि पहिल्या बैठकीत त्या पोराला चांगलाच झोडपला होता. ते खोडलं. कारण तिसऱ्या खेट्याला, म्हणजे फोन जमा करून सोळा दिवस झाल्यावर, त्यानंच हळू आवाजात सांगितलं, "काकू, १९१५ ला लावा. आम्ही मेल करून काही हलत नाही." त्याच्या हातात काहीच नव्हतं. कुठला फोन पास, कुठला नापास, ते वरून ठरतं, शिव्या मात्र त्याच्या वाट्याला.

१९१५ म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. फोन फुकट लागतो. बिल नंबर, आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा असतो तो नंबर), जॉबशीटच्या तारखा विचारल्या, तक्रारीचा नंबर मेसेजवर आला. हे कोर्ट नाही, ते फक्त तक्रार कंपनीच्या गळ्यात बांधतात. पण पाचव्या दिवशी कंपनीच्या मुख्य ऑफिसातून बाईचा फोन आला, एकदम साखरेत घोळलेला. डिस्प्ले मिळत नाही, तेच मॉडेल बदलून देतो. नाही म्हणाली असती तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार होते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला तिथं फी नाही, तक्रार ऑनलाइनही करता येते. फी नाही म्हटल्यावर माझी तयारी होतीच.

चौथ्या खेट्याला नवा फोन मिळाला. निळा दिला होता, काळा आला. चालतंय. मी निघाले नाही, आधी पत्र मागितलं. बिलावर जुन्या फोनचा आयएमईआय, हातात नवा. उद्या हा बिघडला तर बिलावरचा फोन हा नव्हेच म्हणतील. त्यामुळं जुना नंबर, नवा नंबर, तारीख आणि शिक्का असलेलं पत्र घेतलं. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबून नंबर त्याच्यासमोर ताडून बघितला. तो हसत होता. हसू दे.

वॉरंटी मात्र नव्यानं सुरू होत नाही, जुन्या पाडव्यापासूनच मोजायची. फोन त्यांच्याकडे पडून होता ते दिवसही माझ्याच खात्यात. याचा राग अजून आहे. यूपीआय नव्यानं जोडलं तर पहिले २४ तास पाच हजारांच्या वर जाईना, नेमका पगाराचा दिवस, कारखान्यात कांड्या भरणाऱ्या बायकांना रोख वाटली.

आता अडीच महिने झाले. रेघ नाही. बॅटरी पहिल्याइतकी वाटत नाही, संध्याकाळी सातला चार्जर लागतो. आधी मी म्हणाले असते घ्या, मग म्हणाले असते मुळीच घेऊ नका, आता म्हणते घेतलात तर पहिल्या दिवसापासून कागद जपा. अपडेट आलंय, तीन आठवडे "नंतर" दाबतेय. पाडवा होईपर्यंत टाकून बघावं की पाडवा झाल्यावर, यावर घरात दोन तट आहेत. रेघ यायचीच असेल तर वॉरंटीत आलेली बरी, असं माझं मत.

आणि हो, नवाही डुगडुगतोच. धाकटा म्हणतो दीडशेचं जाड कव्हर घाल, थांबेल. तेवीस हजार देऊन वर दीडशे मी का घालू? चौथ्या खेट्याचं तिकीट आहे खाली.