पिशवीभर काजळी: सायलेन्सर ‘रिस्टोर’ करून घेताना मी कसा फसलो

सायलेन्सर परत देताना तो ‘रिस्टोर’ करणाऱ्या कारागिरानं माझ्या हातात एक प्लास्टिकची पिशवीही ठेवली. आत मूठ-दीड मूठ काळा चुरा. “बघा साहेब, एवढं निघालं तुमच्या सायलेन्सरमधून. गाडी ओढणार कशी?” मी ती पिशवी कौतुकानं घरी आणली आणि येईल त्याला दाखवत सुटलो. आता लिहितानाही कानशिलं तापतात.

गाडी साठच्या दशकातली, 150 सीसीची व्हेस्पा. पहिल्या-दुसऱ्या किकला चालू व्हायची, उभी असताना छान टुकटुकत राहायची, पण चढ लागला की घुसमटायची. अ‍ॅक्सिलरेटर पिळावा आणि गाडीनं फक्त उसासा टाकावा. कार्ब्युरेटर साफ करून झाला, प्लग बदलून झाला, फरक शून्य. टू-स्ट्रोकमध्ये अशी लक्षणं दिसली की पहिला संशय सायलेन्सरवर घ्यायचा. या इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं. सुरुवातीच्या व्हेस्पांना 5-6 टक्के ऑइल लागायचं, पुढच्या मॉडेलांना 2 टक्के पुरू लागलं. जे धड जळत नाही ते एक्झॉस्ट पोर्टच्या, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर पडायच्या वाटेच्या तोंडाशी, पाइपच्या बाकात आणि पुढे सायलेन्सरच्या डब्यात थरावर थर बसत जातं. वाट अरुंद झाली की जळका धूर पुरता बाहेर पडत नाही आणि ताज्या मिश्रणाला आत जागा मिळत नाही. शिवाय माझ्या डब्याला खालच्या अंगानं गंजून दोन भोकं पडली होती.

नवा डुप्लिकेट सायलेन्सर मिळत होता. पण त्याचा पत्रा पातळ, आकार थोडा चुकलेला, आणि दोन अर्धुकं जोडलेली ती कडेची शिवण जुन्यासारखी नाही. जुन्या गाड्यांचं वेड असलेल्या माणसाला एवढं पुरतं. हे वेड त्या कारागिरानं पाच मिनिटांत ओळखलं. “ओरिजनल आहे साहेब, टाकू नका. असा पत्रा आता बघायला मिळत नाही.” हे वाक्य खरं होतं, म्हणून पुढची सगळी खोटी वाक्यंही पटली.

त्यानं तीन गोष्टी कबूल केल्या. डबा केमिकलमध्ये भिजवून आतला कार्बन काढणार, गंजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करणार, आणि वर उष्णता सहन करणारा रंग मारणार. मोबाइलवर आधी केलेल्या कामांचे फोटो दाखवले, सगळे चकचकीत. सगळे बाहेरून काढलेले, हे मला तेव्हा खटकायला हवं होतं. केमिकल आधी आणावं लागतं म्हणून पैसे पूर्ण आगाऊ. पावती मागितली तर “आपल्यात पावती कसली?” मीही हसलो.

आठवड्यानं डबा मिळाला. काळा मॅट रंग, एकसारखा, भोकांचा मागमूस नाही. बसवला, किक मारली, निघालो. आणि खरं सांगायचं तर पहिल्या पाच मिनिटांत गाडी उधळली! वरच्या वेगाला इतकी मोकळी ती कधीच चालली नव्हती. आवाज वाढला होता, पण मी तो मोकळेपणाचाच समजलो.

वीसेक मिनिटांनी वास यायला लागला. उष्णता सहन करणारा रंग पहिल्यांदा तापताना थोडा धूर आणि वास देतोच, हे मला माहीत होतं आणि त्यानंही आधीच सांगून ठेवलं होतं. पण हा वास प्लास्टिक जळल्यासारखा होता. गाडी थांबवून वाकून पाहिलं, तर डब्याच्या खालच्या बाजूला रंगाला फोड आले होते, चटका बसल्यावर कातडीला येतात तसे. गार झाल्यावर त्यातला एक नखानं उचकटला. खालून करड्या रंगाचा टवका निघाला. पुट्टी! गाडीच्या दरवाजाचा पोचा भरायला वापरतात ती. इंजिनापासून निघणारा धूर काही शे अंशांचा असतो, तिथे ही पॉलिएस्टरची पुट्टी किती टिकणार? घरी येऊन फ्रिजच्या दारावरचं चुंबक काढलं आणि डब्यावरून फिरवलं. वरच्या भागाला टचकन चिकटलं, खालच्या बाजूला तळहाताएवढ्या जागेवरून मात्र घसरून खाली पडलं. तिथे पत्राच नव्हता.

त्याला फोन केला. आवाज वाढलाय? “जुन्या गाडीला आवाज असतोच.” डबा हलका लागतोय? “कार्बन गेला ना साहेब.” रंगाला फोड? “पहिल्यांदा होतं, दोन-चार फेऱ्यांत बसेल.” प्रत्येक उत्तरात अर्धं खरं होतं. असली उत्तरं तयार असणारा माणूस हे पहिल्यांदाच करत नव्हता, एवढं मात्र कळलं.

शेवटी डबा एका वेल्डरकडे नेला. त्यानं शिवणीवरून बोट फिरवलं आणि रंगाखाली लपवलेली ग्राइंडरची रेघ दाखवली. डबा शिवणीवर कापून पुन्हा जोडला होता. त्यानं तो परत उघडला, आत टॉर्च मारला आणि म्हणाला, “ह्याच्या पोटात काहीच नाही हो.”

सायलेन्सर म्हणजे पोकळ डबा नव्हे. आत आडवे पडदे असतात, भोकं पाडलेल्या नळ्या असतात. धुराला वळणं घेत, कप्प्याकप्प्यातून जावं लागतं, त्यात आवाज मरतो. टू-स्ट्रोकमध्ये त्याचं आणखी एक काम असतं. ताजं मिश्रण आत येतं तेव्हा एक्झॉस्टचा दरवाजाही उघडाच असतो, त्यामुळे थोडं मिश्रण न जळताच बाहेर निसटतं. डब्याच्या मोजून ठरवलेल्या आकारामुळे दाबाची लाट उलट फिरते आणि त्या मिश्रणाला अडवते. पडदे काढले की ती लाटच बिघडते. वरच्या वेगाला मोकळं वाटतं, पण खालचा पिकअप जातो, पेट्रोल वाया जातं, आणि कार्ब्युरेटरमधला जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र, जुनाच राहिला तर गाडी लीन, म्हणजे हवेच्या मानानं कमी पेट्रोलवर चालू शकते. माझा प्लग काढला तर पांढरट पडला होता, ती त्याचीच खूण. असंच लांब पळवलं असतं तर पिस्टन सीझ व्हायला, म्हणजे तापून जाम व्हायला, वेळ लागला नसता.

हे काम प्रामाणिकपणे कसं करतात ते मी नंतर शिकलो, म्हणजे उशिरा. डबा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवून दिवस-दोन दिवस ठेवायचा, काळं पाणी ओतायचं, पुन्हा नवीन भरायचं, आणि शेवटी साध्या पाण्यानं खळाखळा धूत राहायचं. लोखंडाला त्याचं काही होत नाही. अ‍ॅल्युमिनियमचा एकही भाग मात्र त्यात पडता कामा नये, ते विरघळतं आणि हायड्रोजन सुटतो. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीच ओतायचं नाही, आणि हातमोजे-चष्म्याशिवाय जवळ जायचं नाही. थोडक्यात कटकटीचं, वेळखाऊ काम. ग्राइंडरनं डबा कापून आतलं जाम झालेलं सगळं उपटून टाकायला तासभर पुरतो. त्यानं माझ्याकडून दोन दिवसांचे पैसे घेतले आणि तासाचं काम केलं.

तुम्ही कुणाला असा डबा देणार असाल तर आधी त्याचं वजन करा आणि वजनकाट्यावर ठेवूनच फोटो काढा. कार्बन निघाल्यावर वजन कमी होणारच, पण पोटातलं लोखंड गेल्यावर ते भलतंच कमी होतं. माझ्याकडे आधीचं वजन नव्हतं. एका मित्राच्या त्याच मॉडेलच्या डब्याशी ताडून पाहिलं तेव्हा पाऊण किलोचा फरक निघाला, पण त्या कारागिरानं ते मान्य केलं नाही. शिवणीचे दोन्ही बाजूंनी जवळून फोटो घ्या. मुख्य म्हणजे रंग मारण्याआधी डबा उघडा बघायचा, असं कामाच्या आधीच लेखी ठरवा, निदान मेसेजवर तरी. वेल्डिंग झाल्यावर एक तोंड बंद करून दुसऱ्यातून हवा भरा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावा, गळती असेल तिथे बुडबुडे येतात. लाकडी मुठीनं ठोकूनही पाहा. भरलेला डबा दबका वाजतो, माझा घंटेसारखा घणघणत होता. आणि चुंबक खिशात ठेवा. काही पैसे काम तपासून होईपर्यंत हातात ठेवावेत, हे मी दुसऱ्यांना नेहमी सांगत आलोय.

पैसे परत मिळाले नाहीत. “जुन्या मालाची गॅरंटी नसते” यावर विषय संपला. वेल्डरनं मित्राच्या डब्यावरून मापं घेऊन आत नव्या नळ्या आणि पडदे बसवले. आवाज बराचसा पूर्वीसारखा आहे, अगदी पूर्वीसारखा नाही.

परवा कपाट आवरताना ती पिशवी सापडली. टाकायच्या आधी सहज उघडली. चुरा अगदी कोरडा, भुरभुरीत. कॉस्टिकमध्ये भिजलेला कार्बन काळ्या चिकट गाळासारखा निघतो, हे आता मी स्वतःच्या हातांनी पाहिलेलं आहे. चुरा कागदावर पसरला आणि फ्रिजचं तेच चुंबक वरून फिरवलं. क्षणात त्याला दाढी फुटली, बारीक चकचकीत लोखंडी कणांची. ग्राइंडरखाली पडतो तो कीस. माझे पडदे कापले त्याचा पुरावा त्या कारागिरानंच बांधून दिला होता आणि मी तो कौतुकानं सांभाळला होता. चुंबकाचा फोटो काढून त्याला पाठवला. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.