स्लॅबच्या खोलीत 5.1 होम थिएटर: दहा महिन्यांच्या वापरानंतर

खोली 15 बाय 11 फूट, उंची 10. वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी, एका बाजूला सरकत्या काचांची खिडकी. सोलापुरात गेल्या वीस वर्षांत बांधलेले बरेच हॉल याच मापाच्या आसपास असतात. सेटमध्ये ईआर्क (टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरवरून घेण्याची सोय) असलेला रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा अँप्लिफायर, पुढे साडेसहा इंची वूफरचे दोन बुकशेल्फ स्पीकर, त्याच मालिकेतला सेंटर (संवादांचा मधला स्पीकर), छोटे दोन सराउंड (बाजूचे-मागचे) आणि 12 इंची सबवूफर (फक्त खालच्या सुरांचा, पुढे नुसता 'सब'). या दहा महिन्यांत इथला अख्खा उन्हाळा येऊन गेला, त्यामुळे मत पक्कं आहे: सेट चांगला आहे, पण खोक्यातून काढून जसाच्या तसा लावला तर निम्माही वाजत नाही. उरलेला निम्मा आवाज खोलीतून काढावा लागतो.

खोलीच्या मधोमध उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. टाळीमागे 'ट्रर्र' असा धातूसारखा शेपटा ऐकू आला, तर समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकत आहेत. फरशी आणि स्लॅबही तेच करतात. संवाद कळत नाहीत म्हणून आपण आवाज वाढवतो, तसा शेपटाही वाढतो आणि डोकं दुखतं. स्पीकर बदलून हे जात नाही.

त्यावर इलाज आपल्याच गावात आहे: टर्किश टॉवेल. 4 बाय 2 फुटांची, 4 इंच खोलीची लाकडी चौकट करा. तीत 14-15 मोठे टॉवेल घडी घालून सैल भरा, दाबू नका. आवाजाला आत शिरायला हवेची जागा लागते. पाठीमागे जाळी, पुढे सुती कापड. कापड तोंडाला लावून फुंकर मारा, हवा आरपार गेली तर चालेल. रेक्झिन किंवा फ्लेक्स नको. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला सेकंडचा माल मिळाला तर खर्च बराच उतरतो, कारण विणीतला दोष आवाजाला दिसत नाही. चौकट भिंतीपासून 2 इंच पुढे ठेवा, म्हणजे आणखी खालच्या सुरांचे आवाज शोषले जातात. वजन बरंच होतं, तेव्हा खिळ्यावर भिस्त नको, गिट्ट्या मारून स्क्रू लावा. हा सगळा कापूस आहे, म्हणून देवघरातला दिवा आणि स्विचबोर्ड यांपासून लांब.

नुसती सोलापुरी चादर भिंतीवर ताणून लावली तर? वरच्या पट्टीतले चुणचुणीत आवाज थोडे मऊ होतात, बाकी काही नाही. तीच चादर चुण्या पाडून, भिंतीपासून तीन-चार इंच सोडून टांगली तर काचेच्या खिडकीपुढे तिचा चांगला उपयोग होतो. फरशीवर बैठकीपुढे जाड सतरंजी हवीच.

चौकटी कुठे लावायच्या हे आरसा सांगतो. तुम्ही बैठकीवर बसा, दुसऱ्या कुणाला तरी आरसा बाजूच्या भिंतीवरून सरकवायला सांगा. आरशात ज्या जागी पुढच्या स्पीकरचा ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा गोल) दिसेल, तिथे एक. अशा दोन्ही भिंतींवर आणि एक बैठकीच्या मागे. तीन चौकटींनंतर टाळीचा शेपटा गेला आणि संवादासाठी लागणारा आवाज रिसीव्हरवर 4-5 डेसिबलने खाली आला. दहा महिन्यांतला सगळ्यात मोठा फरक हाच.

आता बासकडे, म्हणजे खालच्या सुरांच्या जाड आवाजाकडे वळू. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर. त्याला मीटरमधल्या लांबीच्या दुपटीने भागलं की खोली कुठल्या सुरावर घुमते ते कळतं. 15 फुटांना साधारण 37 हर्ट्झ, 11 फुटांना 51, 10 फुटांना 56. शेवटचे दोन आकडे शेजारी पडतात, म्हणून या मापाच्या खोलीत 50 ते 56च्या पट्ट्यात ढोल फुगल्यासारखा वाटतो. सोफा मागच्या भिंतीला टेकवला की घुमणं सर्वात जास्त, खोलीच्या बरोब्बर मध्यावर आणला तर 37चा सूर गायब. मागच्या भिंतीपासून पाच-साडेपाच फुटांवर दोन्हीचा मेळ बसतो.

सबवूफरची जागा अंदाजाने ठरवू नका. तो उचलून बैठकीच्या जागी ठेवा, बासची एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवा आणि भिंतीलगत रांगत ऐका. जिथे प्रत्येक सूर सारख्या जोराचा वाटेल तिथे सब. बहुधा ती जागा कोपरा नसते. सबवरचा क्रॉसओव्हर (कुठल्या सुराखालचा आवाज सबकडे जाईल ती सीमा) नॉब शेवटपर्यंत वर किंवा 'एलएफई' या खुणेवर, कारण ते काम रिसीव्हर करतो; दोघांनी केलं तर मधे खड्डा पडतो. ऑटो-ऑन (आवाज आला की सब आपोआप चालू) बंद ठेवा, नाहीतर रात्री हळू आवाजात सब झोपून जातो आणि बिघडला असं वाटतं.

पुढचे दोन स्पीकर एकमेकांपासून 8 फूट, त्यांच्या रेषेपासून बैठक 8 फूट. मधल्या रेषेपासून कोन 26-27 अंश येतो, जो 22 ते 30च्या शिफारशीत बसतो. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. सेंटर टीव्ही युनिटच्या खणात आत ढकलला की पुरुषांचे आवाज पिंपात बोलल्यासारखे येतात. तो खणाच्या कडेपर्यंत पुढे ओढा आणि पुढच्या बाजूला रबराची पाचर देऊन कानाकडे वळवा. सराउंड बाजूच्या भिंतींवर, कानाच्या थोडे मागे, समोरच्या मधल्या रेषेपासून 110 अंशांच्या आसपास, कानापेक्षा फूट-दीड फूट वर.

वायर 1.5 चौरस मिलिमीटरची पुरते. सराउंडला 12 मीटर जाताना येऊन-जाऊन रोध 0.3 ओहमच्या आसपास राहतो, 8 ओहमच्या स्पीकरला तो चालतो. ब्लेडने तार खरवडून पाहा. आत पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची आहे, परत करा. एखादा स्पीकर उलटा जोडला असेल तर बास पातळ होतो आणि गायकाचा आवाज मधोमध उभा राहत नाही. संशय आला तर वायर रिसीव्हरपासून सोडवा आणि तिच्या टोकांना पेन्सिल सेल क्षणभर लावा. धन टोक लाल तारेला असताना वूफर बाहेर आला पाहिजे.

रिसीव्हरच्या माइकने ऑटो-कॅलिब्रेशन (आवाज मोजून आपोआप जुळवणी) करताना पंखा, कूलर, फ्रिज बंद. माइक कानाच्या उंचीला ट्रायपॉडवर, सोफ्याच्या पाठीवर टेकवून नाही. पहिलं मोजमाप मुख्य बैठकीवरच घ्या, अंतर आणि पातळी त्यावरून ठरतात. नंतर सगळे स्पीकर 'स्मॉल' (म्हणजे त्यांचा खालचा बास सबकडे जातो) आणि क्रॉसओव्हर 80 हर्ट्झ हाताने करा. सराउंड फारच छोटे असतील तर त्यांना 100 किंवा 120. सबचं अंतर टेपपेक्षा चार-पाच फूट जास्त दाखवलं तर 'दुरुस्त' करू नका. सबमधल्या फिल्टरमुळे आवाज उशिरा निघतो, रिसीव्हर तो उशीर अंतरात धरतो. शेवटी सेंटर दीड डेसिबल वर. हिंदी-मराठी संवादांना तेवढं लागतं.

अनेकांकडे मागचे स्पीकर मुकेच असतात आणि दोष रिसीव्हरला दिला जातो. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये 'पीसीएम' असेल तर साध्या आर्कवरून (ईआर्कची जुनी आवृत्ती) दोनच चॅनेल जातात. ते 'पासथ्रू' किंवा 'बिटस्ट्रीम' करा.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. एप्रिल-मे महिन्यांत बाहेर 42-43 अंश असताना बंद कपाटातला रिसीव्हर तासाभरात प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे तापून स्वतःच बंद पडतो. वर किमान 5 इंच मोकळे, पाठ उघडी, डोक्यावर सेट-टॉप बॉक्स नाही. 120 मिलिमीटरचा कॉम्प्युटरचा पंखा यूएसबीच्या 5 व्होल्टवर लावला तर आवाज न करता गरम हवा खेचतो. कूलर ही मोठी अडचण आहे: मोबाइलच्या अॅपवर बैठकीपाशी 60 डेसिबलच्या आसपास, म्हणजे सिनेमातलं सगळं कुजबुजणं त्यात बुडतं. कूलर खिडकीबाहेर काढून कमी वेगावर चालवा आणि त्याची ओली हवा स्पीकरवर जाऊ देऊ नका. रिसीव्हरमधला डायनॅमिक रेंज कमी करणारा नाइट मोड त्या दोन महिन्यांत चालू ठेवणं योग्य, एरवी बंद.

सबमधून सतत 'हूं' येत असेल तर आधी केबलवाल्याची वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून पाहा. आवाज बंद झाला तर अर्थिंगचा लूप आहे, म्हणजे दोन ठिकाणच्या अर्थिंगमधून वीज फिरते आहे. त्या वायरवर आयसोलेटर (हा फेरा तोडून सिग्नल जाऊ देणारा जोड) लावा. प्लगची अर्थची पिन कापायचा सल्ला मिळेल, तो धोक्याचा आहे.

या सेटची मर्यादाही सांगतो: 30 हर्ट्झच्या खाली सब थकतो, आणि सोफ्याच्या दोन टोकांना बास सारखा मिळत नाही. सोफ्यावरचा हा फरक कमी करायचा असेल तर मोठा सब नको, तसाच दुसरा घेऊन समोरच्या भिंतीच्या मध्यावर ठेवा. पावसाळा संपला की चौकटीतले टॉवेल एक दिवस उन्हात घाला, आणि परत भरल्यावर माइक पुन्हा चालवा.