मायफळ घेताना: भोकवालं की बिनभोकाचं?

बडोद्यात मांडवीकडे गांधीच्या, म्हणजे जडीबुटीवाल्याच्या, दुकानात बाळगुटीचं सामान घ्यायला गेलात की मायफळ दोन टाइपचं मिळतं. आणि हो, जायफळ नाही हं, मायफळ, माझ्या हातात एकदा जायफळच टेकवलं होतं!

मुळात हे फळच नाही. तुर्की, इराणकडच्या ओकच्या फांदीवर एक चिमुकली गांधीलमाशी अंडं घालते, मग अळीभोवती झाड स्वतःच ही गाठ वाढवतं, म्हणजे अळीला घर पण आणि जेवण पण.

आता फरक. बिनभोकाचं म्हणजे माशी बाहेर पडायच्या आधीच तोडलेलं, रंग काळपट हिरवा-निळसर, हाताला जड, जिभेला लावलं तर तोंड एकदम आवळतं कारण टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर, चांगल्या मालात 50 ते 70 टक्के. फोडलंत तर मधे छोटीशी पोकळी दिसते आणि कधी वाळलेला किडा पण, सासूबाईंना दाखवू नका. भोकवालं पिवळट-पांढरट, हलकं, तुरटपणा कमी, आणि ते गोल भोक बघून लोकांना वाटतं कीड लागली, अहो ती कीड लागलेली नाही, आत राहणारी बाहेर गेली त्याची खूण आहे ती.

मी तरी बिनभोकाचंच घेते, उगाळायला घट्ट आणि अंगावरचे बारीक टेंगूळ शाबूत असलेलं. हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून काळी शाई करायची असेल तरी तेच बरं. बाळाला द्यायचं तर आधी डॉक्टरांना विचारा बाई.