साक्षगंधाचं पनीर

लेकीच्या साक्षगंधाला फेब्रुवारीत आम्ही 8 किलो पनीर घेतलं. आम्ही नागपुरात मानेवाड्याला राहतो, डेअरी घराजवळचीच. भाव 280 रुपये किलो. दुसरीकडे 380 ऐकलं होतं, म्हणून विचारलं, "एवढं स्वस्त कसं?" दुकानदार म्हणाला, "घाऊक आहे ना काकू. एकदम ताजं आहे जी, बिनधास्त न्या."

भाजीला कोणी नाव ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशी उरलेलं पनीर तव्यावर टाकलं, तर तुकडे लाल होईनात, नुसतं तेल सुटलं. चावायला रबर. थोडं उकळून, गार करून त्यावर आयोडीनचे थेंब टाकले. निळं झालं नाही, म्हणून निश्चिंत झाले. इथंच चुकले. आयोडीननं फक्त स्टार्च कळतो, पाम तेल नाही.

चार दिवसांनी दही आणायला गेले, तेव्हा दुकानाच्या पायरीशी रिकामी खोकी रचलेली दिसली. एक उचलून वाचलं. घटकांमध्ये पाम तेल, दूध पावडर, आणि नावाखाली बारीक अक्षरांत 'अ‍ॅनालॉग'. म्हणजे दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल घालून केलेला पनीरसारखा पदार्थ. नियमाप्रमाणे पनीरमधलं पाणी वगळून जे उरतं, त्यात किमान 50 टक्के दुधाचं फॅट लागतं. अ‍ॅनालॉग बनवणं गुन्हा नाही, आणि कोणी माहीत असून स्वस्त म्हणून घेतलं तर माझं काहीच म्हणणं नाही. पण ते पनीर म्हणून विकता येत नाही. कारखान्यानं खोक्यावर खरं छापलं होतं. ते दुकानदारानं वाचलं, आणि मला दिली ती सुरीनं कापलेली पांढरी लादी. सुट्या मालात लेबल काउंटरच्या पलीकडेच राहतं. सासऱ्यांना डॉक्टरांनी पाम तेल बंद केलंय, आणि मी त्यांना आग्रह करकरून दोनदा वाढलं. तो राग अजून गेलेला नाही.

जाब विचारला तर म्हणे, "सगळे केटरर हेच नेतात." माझ्या हातात पुरावा काय, तर एक चिटोरा: 8 × 280 = 2240. दुकानाचं नाव नाही, अन्न परवान्याचा 14 आकडी क्रमांक नाही. 1 जानेवारी 2022 पासून हा क्रमांक बिलावर असणं बंधनकारक आहे. मी पक्कं बिल मागितलंच नव्हतं.

अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 चं कलम 40 मला नंतर कळलं. आपण स्वतः फी भरून अन्न विश्लेषकाकडून माल तपासून घेऊ शकतो, माल नियमात बसला नाही तर फी परतही मिळते. पण तपासणी करणार आहे, हे दुकानदाराला विकत घेतानाच सांगावं लागतं. फ्रीजमधला तुकडा घेऊन धावण्यात अर्थ उरला नव्हता. तरी खोक्याच्या फोटोसकट 'फूड सेफ्टी कनेक्ट' या सरकारी अ‍ॅपवर तक्रार टाकली आहे. ज्यांना अ‍ॅप जमत नाही त्यांच्यासाठी 1800112100 हा टोल-फ्री नंबर आहे.

मे महिन्यात लग्न आहे. पनीर घ्यायच्या आधी खोकं पाहणार, पक्कं बिल घेणार, आणि काउंटरवर उभी राहून सांगणार, "भाऊ, हे मी तपासायला देणार आहे."