तापमानाच्या नोंदी: रोजची सरासरी की मिक्स्ड मॉडेल?

सरड्याच्या बिळातला डेटा लॉगर (तापमान आपोआप नोंदवणारं यंत्र) दर 10 मिनिटांनी नोंद घेत असेल, तर दिवसाला 144 आकडे जमतात. पण लागोपाठचे आकडे एकमेकांना धरून चालतात. त्यांना सुटे मानलं की प्रमाण त्रुटी, म्हणजे अंदाजातली अनिश्चितता, फसवी लहान दिसते.

रोजची सरासरी काढली की हा गुंता बराच कमी होतो. ऋतूंची ढोबळ तुलना करायला तेवढं पुरतं. मात्र 20 ते 40 अंशांत हेलकावणारा दिवस आणि 29 ते 31 मध्येच राहिलेला दिवस, दोन्हींची सरासरी 30 येऊ शकते. सरड्याच्या जिवासाठी हे दिवस किती वेगळे!

मिक्स्ड मॉडेल म्हणजे सर्वसाधारण कल आणि बिळाबिळातला फरक एकत्र मोजणारं सांख्यिकी मॉडेल; त्यात सगळ्या नोंदी टिकतात. प्रत्येक बीळ यादृच्छिक घटक (म्हणजे बिळाबिळातला फरक धरणारा), दिवसाच्या चढउतारासाठी लाटेसारखी साइन-कोसाइन पदं, शिवाय स्वसहसंबंधाची, म्हणजे लागोपाठच्या नोंदींमधल्या नात्याची, रचना. मेहनत जास्त; तरी प्रश्न उष्णतेच्या ताणाचा असेल तर मी हाच मार्ग धरेन.