स्थलांतरासाठी पेशा बदलावा का? जर्मनी, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया यांचा तुलनात्मक आढावा

वाणिज्य शाखेची पदवी घेऊन सात-आठ वर्षे लेखा विभागात, बँकेच्या बॅक ऑफिसमध्ये किंवा विमा कंपनीत नोकरी केलेला तिशीतला माणूस परदेशी स्थायिक होण्याचा विचार करू लागला, की त्याला लवकरच सांगितले जाते की त्याच्या पेशाला तिकडे मागणी नाही. नर्सिंग, वायरमनचे काम, स्वयंपाकघर किंवा बालवाडी यांपैकी काही धरले तर मात्र ‘पीआर’ (कायम वास्तव्याचा परवाना) सहज होईल. हा सल्ला अगदीच खोटा नसतो. अडचण एवढीच की सल्ला देणारा बहुधा त्याच अभ्यासक्रमाचा प्रवेशही विकत असतो, आणि अभ्यासक्रमाची फी भरून झाल्यावर पुढे काय होते याची जबाबदारी त्याच्यावर नसते.

या तिन्ही देशांची तुलना पगार, हवामान, तिथली मराठी मंडळे अशा अनेक बाजूंनी करता येते. पण जो माणूस मुळातला पेशा सोडून जाणार आहे, त्याने माझ्या मते आधी एकच गोष्ट तपासावी: आपल्याला तिथे राहता येईल की नाही याचा निकाल वर्षे आणि पैसे घालण्यापूर्वी लागतो की नंतर? या प्रश्नाचे उत्तर तिन्ही देशांत वेगवेगळे आहे.

जर्मनीत तो निकाल बऱ्याच अंशी आधी लागतो. तेथील ‘आउसबिल्डुंग’ म्हणजे मालकाशी करार करून, काम करता करता आणि शाळेत जाऊन शिकण्याची पद्धत होय. व्हिसा मिळतो तो या कराराच्या आधारावर. नर्सिंगचे प्रशिक्षण १ जानेवारी २०२० पासून एकत्रित स्वरूपात दिले जाते. ते तीन वर्षांचे असून त्यात किमान २,१०० तास वर्गातील शिक्षणाचे आणि २,५०० तास रुग्णालय, वृद्धाश्रम आणि घरी जाऊन केलेली शुश्रूषा यांतील प्रत्यक्ष कामाचे असतात. शिकवण्याची फी बहुतेक ठिकाणी नसते. उलट सार्वजनिक रुग्णालयांच्या वेतनकरारानुसार पहिल्या वर्षीच महिन्याला १,३०० युरोंहून अधिक भत्ता मिळतो आणि तो दर वर्षी वाढतो. कपाती वजा जाता हातात हजार-अकराशे युरो येतात. त्यात एका माणसाचे भागते, घरी पाठवण्याइतके उरत नाही, हे आधीच समजून घेतलेले बरे.

खरी किंमत द्यावी लागते ती भाषेत. व्हिसासाठी साधारणपणे जर्मनचे बी१ पातळीचे, म्हणजे युरोपीय मोजपट्टीवर मध्यम दर्जाचे, प्रमाणपत्र लागते, आणि नर्सिंगच्या अनेक शाळा त्यावरची बी२ पातळी मागतात. पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला शून्यापासून बी२ पर्यंत जायला दीड ते दोन वर्षे लागतील असे धरून चालावे. तीन महिन्यांत बी१ करून देण्याच्या जाहिराती ठिकठिकाणी दिसतात. परीक्षा कशीबशी सुटेलही, पण रात्रपाळीत एखादी ऐंशी वर्षांची आजी बोलीभाषेत छातीत दुखते म्हणून सांगू लागेल तेव्हा त्या प्रमाणपत्राचा काही उपयोग होणार नाही.

एवढे पार पडल्यानंतरचा रस्ता मात्र सरळ आहे. जर्मनीतच प्रशिक्षण पूर्ण केलेल्या कुशल कामगाराला दोन वर्षांच्या नोकरीनंतर आणि तेवढ्या काळाच्या पेन्शन-वर्गणीनंतर कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. परदेशातून पदवी घेऊन आलेल्या कुशल कामगारासाठी हीच मुदत मार्च २०२४ पासून तीन वर्षांची आहे. म्हणजे भाषेची दोन, प्रशिक्षणाची तीन आणि नोकरीची दोन अशी सुमारे सात वर्षे. काळ मोठा आहे, परंतु त्यातील पहिली दोन वर्षे स्वतःच्या घरी, स्वतःच्या पगारावर जातात, आणि नंतरच्या पाच वर्षांत उत्पन्न सुरू असते. मध्येच प्रशिक्षणाचा करार तुटला तरी लगेच परतावे लागत नाही. नवी जागा शोधायला सहा महिन्यांपर्यंतची मुभा कायद्याने दिली आहे.

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला आणि त्यातील दहा हजारांचा आकडा सर्वत्र ठळकपणे छापून आला. या कराराने ओळख आणि प्रशिक्षणाच्या सोयी वाढतील. मात्र भाषेची अट किंवा मालकाची पसंती यांतून कोणाची सुटका होत नाही. त्यामुळे केवळ या बातमीवर विसंबून नोकरीचा राजीनामा देऊ नये.

येथे एक पोटप्रश्न येतो: नर्सिंगच शिकायचे असेल तर ते इथे का शिकू नये? महाराष्ट्रात जीएनएम (नर्सिंगची पदविका) तीन वर्षांचे आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे आहे. त्यानंतर जर्मनीला जायचे तर बी२, प्रमाणपत्राची मान्यता आणि पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा हे सारे उरतेच. जाण्याचा देश जर्मनीच असेल तर तिथे शिकणे वेळेच्या दृष्टीने फायद्याचे आहे, आणि त्या प्रशिक्षणाला युरोपीय संघातील इतर देशांतही आपोआप मान्यता मिळते. ज्याला आखात, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया असे सगळे पर्याय हाताशी ठेवायचे आहेत, त्याला मात्र भारतातील बी.एस्सी. अधिक उपयोगी पडेल. आधीच आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड आणि अनुभव असलेल्याने तर नव्याने प्रशिक्षणार्थी होण्याची घाई करूच नये; दोन वर्षांचे मान्यताप्राप्त शिक्षण, गेल्या पाच वर्षांतील किमान दोन वर्षांचा अनुभव आणि ठरावीक किमान पगाराची नोकरी (२०२५ साठी ही मर्यादा वर्षाला ४३,४७० युरो होती) एवढ्यावरही जर्मनीचा व्हिसा मिळू शकतो.

कॅनडाचे गणित अगदी निराळे आहे. तिथे ‘एक्स्प्रेस एंट्री’ या पद्धतीत वय, शिक्षण, भाषा आणि अनुभव यांना गुण मिळतात आणि ठरावीक काळाने निघणाऱ्या ड्रॉमध्ये कट-ऑफच्या वर असलेल्यांना बोलावले जाते. २०२३ पासून आरोग्यसेवा, बांधकाम-कारागिरी अशा विशिष्ट पेशांसाठी वेगळे ड्रॉ निघू लागले, आणि पेशा बदलण्याचा सल्ला येतो तो येथूनच. फेब्रुवारी २०२५ मध्ये या यादीत शिक्षण क्षेत्र नव्याने आले आणि वाहतूक क्षेत्र वगळले गेले. ज्यांनी ट्रक चालवण्याचा अनुभव याच हिशोबाने जमवायला घेतला होता, त्यांच्यासाठी त्या ड्रॉचा दरवाजा दीड-पावणेदोन वर्षांत बंद झाला.

आकड्यांत मांडून पाहू. बत्तीस वर्षांचा अविवाहित लेखापाल घ्या. त्याची पदवी कॅनडातील पदवीच्या समकक्ष ठरली (तीन वर्षांच्या बी.कॉम.च्या बाबतीत हे नेहमी होतेच असे नाही), आयईएलटीएसमध्ये श्रवणात ८ आणि बाकी तिन्हींत ७ मिळाले आणि तीन वर्षांहून अधिक अनुभव असला, तर वयाचे ९४, शिक्षणाचे १२०, इंग्रजीचे १२४, आणि शिक्षण व अनुभव यांच्या इंग्रजीशी जमलेल्या जोडीचे अनुक्रमे २५ आणि ५० असे ४१३ गुण होतात. आता हाच माणूस नोकरी सोडून एक वर्ष बालवाडीत शिकवू लागला, तर त्याच्या गुणांत काहीच भर पडत नाही, उलट वय वाढल्यामुळे सहा गुण कमी होतात. त्याला फक्त शिक्षण क्षेत्राच्या ड्रॉमध्ये बसण्याची परवानगी मिळते, आणि १ मे २०२५ रोजी त्या ड्रॉचा कट-ऑफ ४७९ होता. याउलट तो लेखापालच राहिला आणि त्याने चारही कौशल्यांत कॅनडाच्या मोजपट्टीवरील सातवी पातळी, म्हणजे ढोबळमानाने बी२, गाठेल इतके फ्रेंच शिकले, तर ६२ गुण वाढून ४७५ होतात आणि फ्रेंच भाषकांच्या वेगळ्या ड्रॉमध्ये त्याचा समावेश होतो. त्या ड्रॉचा कट-ऑफ २१ मार्च २०२५ रोजी ३७९ आणि ८ ऑगस्ट २०२५ रोजी ४८१ होता. अभ्यासाच्या दोन वर्षांत वयाचे दहा-बारा गुण गळतील हे धरूनही दुसरा मार्ग सरस ठरतो. या लेखापालाच्या बाबतीत पेशा बदलणे म्हणजे चुकीच्या रकान्यात मेहनत घालणे आहे.

तिथे जाऊन कॉलेजात नवा पेशा शिकण्याचा मार्ग पूर्वी सर्रास वापरला जाई. तो आता अरुंद झाला आहे. जानेवारी २०२४ पासून विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा आली. १ नोव्हेंबर २०२४ पासून डिप्लोमाच्या विद्यार्थ्याला शिक्षणानंतरचा वर्क परमिट हवा असेल तर अभ्यासक्रमाचा विषय सरकारच्या यादीत असावा लागतो. आणि डिप्लोमा शिकणाऱ्याच्या जोडीदाराला खुला (कोणत्याही मालकाकडे चालणारा) वर्क परमिट देणे बंद झाले आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून फीव्यतिरिक्त एका माणसाच्या वर्षभराच्या खर्चासाठी २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. हे सर्व करूनही शेवटी माणूस पुन्हा त्याच ड्रॉच्या रांगेत उभा राहतो, फक्त तीन-चार वर्षांनी अधिक वयाचा होऊन. वयाचे गुण तिशीपासून उतरू लागतात, चाळिशीला ५० उरतात आणि पंचेचाळिशीला शून्य.

ऑस्ट्रेलियाविषयी बोलताना जुना इतिहास सांगणे भाग आहे, कारण पेशा बदलून स्थलांतर करण्याचा सर्वांत मोठा प्रयोग तिथेच झाला आणि त्यात भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. २००० नंतरच्या दशकात पाककला आणि केशकर्तन हे पेशे मागणीच्या यादीत होते, त्यामुळे मेलबर्न आणि सिडनीत त्यांची खासगी कॉलेजे झपाट्याने वाढली. पदवीधर मुलेमुली कर्ज काढून स्वयंपाक शिकायला गेली. ८ फेब्रुवारी २०१० रोजी सरकारने ती यादी रद्द केली, १ जुलैपासून आलेल्या नव्या यादीत आचारी आणि केशकर्तनकार नव्हते, आणि अनेक कॉलेजेही बंद पडली. यातील बहुतेकांना स्वयंपाकी व्हायचेच नव्हते, त्यामुळे हाती आलेल्या प्रमाणपत्राचे काय करावे हा प्रश्न त्यांच्यापुढे उरला.

आजची व्यवस्था त्यापेक्षा काटेकोर आहे. ७ डिसेंबर २०२४ पासून मालकाने पुरस्कृत केलेल्या व्हिसासाठी ४५६ पेशांची नवी यादी लागू झाली. गुणपद्धतीच्या व्हिसासाठी ६५ गुण ही किमान पात्रता असली तरी प्रत्यक्ष निमंत्रणासाठी त्याहून बरेच अधिक लागतात. पेशा बदलणाऱ्यासाठी निर्णायक नियम वेगळाच आहे: १ जुलै २०२४ पासून शिक्षणानंतरच्या तात्पुरत्या पदवीधर व्हिसाची वयोमर्यादा, संशोधनाच्या पदव्यांसारखे अपवाद वगळता, पन्नासवरून पस्तीसवर आणली गेली. चौतिसाव्या वर्षी दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू करणाऱ्याला तो संपल्यावर हा व्हिसा मिळणारच नाही, ही गोष्ट प्रवेशाच्या पत्रकात कोणी ठळक छापत नाही. विद्यार्थी व्हिसाचे शुल्क १ जुलै २०२५ पासून २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर असून अर्ज नाकारला तर ते परत मिळत नाही. इंग्रजीवर राहता येते, विद्यार्थ्याच्या जोडीदाराला पंधरवड्याला निदान ४८ तास काम करता येते आणि नर्सचे वेतन चांगले आहे, या जमेच्या बाजू मी नाकारत नाही. एकोणतीस-तीस वर्षांच्या, घरचे आर्थिक पाठबळ असलेल्या आणि नर्सिंगचीच ओढ असलेल्या पदवीधराला तेथील दोन वर्षांचा पदव्युत्तर नर्सिंग अभ्यासक्रम योग्य ठरू शकतो. इतरांनी त्यात पडू नये.

ब्रिटनचा उल्लेख एवढ्यासाठीच की तेथील केअर वर्करचा (वृद्ध-आजारी माणसांची देखभाल करणाऱ्याचा) व्हिसा आपल्याकडे अजूनही विकला जातो. तो फेब्रुवारी २०२२ मध्ये खुला झाला, ११ मार्च २०२४ पासून त्यावर कुटुंब नेणे बंद झाले आणि २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नवी भरतीच थांबली.

हे सर्व समोर ठेवून निवड करायची तर वय आणि संसार यांवर बरेच अवलंबून आहे. तिशीच्या आतबाहेर असलेल्या, इंग्रजी पक्के असलेल्या आणि आपल्या कामाचा कंटाळा न आलेल्या माणसाने पेशाला हात न लावता फ्रेंच शिकावे. ज्याला हातांनी आणि माणसांत राहून काम करायचे आहे, आणि अठरा-वीस वर्षांच्या मुलांबरोबर वर्गात बसण्याचा, पाळ्यांमध्ये काम करण्याचा, रुग्णाची शी-शू काढण्याचा संकोच नाही, त्याने जर्मनीकडे पाहावे. तिथे आउसबिल्डुंगला कायद्याने वयाची कमाल मर्यादा नाही. लहान मुले असलेल्या जोडप्यासाठी मात्र जर्मनीतील प्रशिक्षणाची तीन वर्षे जड जातात, कारण जोडीदाराला नेण्यासाठी पुरेसे उत्पन्न आणि घर दाखवावे लागते आणि प्रशिक्षणार्थीच्या भत्त्यात ते सहसा बसत नाही. तीन वर्षे वेगळे राहण्याची तयारी दोघांची आहे का, हे भाषेच्या वर्गात नाव घालण्याआधी बोलून घ्यावे.

जर्मनीचा मार्ग धरणाऱ्याने करारावर सही करण्यापूर्वी काही गोष्टी स्वतः पाहाव्यात. करार रुग्णालयाशी आहे की मधल्या कंपनीशी. पहिल्या महिन्यांत नापास किंवा नापसंत ठरल्यास काय. मध्येच सोडल्यास खर्च परत मागण्याचे कलम आहे का. राहण्याची खोली कोण देणार आणि तिचे भाडे भत्त्यातून किती कापले जाणार. परिचारिकांच्या भरतीसाठी जर्मनीत शासनमान्य गुणवत्ता-चिन्ह आहे आणि त्याची मूळ अट अशी की भरतीचा खर्च मालकाने करावा, उमेदवाराने नव्हे. ते चिन्ह अर्हताप्राप्त परिचारिकांच्या भरतीसाठी असले तरी कसोटी म्हणून प्रशिक्षणार्थीनेही हाच प्रश्न विचारावा. आपल्याकडे परदेशी नोकरीसाठी भरती करणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असावा लागतो, आणि ती नोंद ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. भाषेच्या वर्गाची फी वेगळी. ‘जागा पक्की करण्यासाठी’ म्हणून चार-पाच लाख मागणाऱ्याकडे आधी त्या रुग्णालयाचे नाव आणि कराराची प्रत मागावी, आणि रुग्णालयाच्या स्वतःच्या पत्त्यावर पत्र लिहून खातरजमा होईपर्यंत एक रुपयाही देऊ नये.